पापाची वाटणी

२००९च्या फेब्रुवारीत हिंजवडीच्या फेज टूमधल्या एका इमारतीत, पाचव्या मजल्यावर, आम्ही सात जणांनी त्रेसष्ट माणसांना कामावरून काढायचं ठरवलं. खोलीचं नाव 'तोरणा' होतं. बैठकीच्या सगळ्या खोल्यांना आम्ही किल्ल्यांची नावं दिली होती आणि तोरणा त्यांतली सगळ्यात मोठी. सीईओ, सीएफओ, दोन डिलिव्हरी हेड, सेल्सचे प्रमुख, कन्सल्टिंगच्या प्रमुख आणि एचआर हेड म्हणून मी. या सातांना लीडरशिप टीम म्हणत. कंपनी सॉफ्टवेअर तयार करून द्यायची आणि अमेरिकेतल्या विमा कंपन्यांना सल्लाही द्यायची. सगळ्यात मोठ्या क्लायंटनं जानेवारीत दोन प्रोजेक्ट बंद केले, एकशेदहा माणसं बेंचवर, म्हणजे कामाविना, आली, आणि चहाचा दुसरा कप संपायच्या आत त्रेसष्ट हा आकडा ठरला.

आठवडाभरानं आम्ही एकेकाला बोलावून पत्र दिलं. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. पत्र, दोन महिन्यांचा पगार, बॅज आणि लॅपटॉप जमा, गेटपर्यंत सोबत. पत्राचा मसुदा माझा होता, वकिलानं तो तपासला होता. कंपनीनं असा असा निर्णय घेतला आहे, एवढंच त्यात होतं. माणसाचं नाव फक्त वर, ज्याला काढायचं त्याचं.

दुपारी टेस्टिंगमधला एक मुलगा आला. कोळवण खोऱ्यातला, घरातला पहिला पदवीधर. पौड, घोटावडे, माण अशा रस्त्यानं तो रोज मोटरसायकलवर यायचा. पावसाळ्यात रेनकोटातून पाणी गाळत माझ्याच टेबलापाशी सही करायला थांबायचा. त्यानं पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "मॅडम, हे कोणी ठरवलं?"

"मॅनेजमेंटचा निर्णय आहे," मी म्हणाले.

"मॅनेजमेंट म्हणजे कोण कोण?"

"तसं मला सांगता येणार नाही."

तो शांतपणे म्हणाला, "तलाठ्याकडं गेलो तर तोसुद्धा सांगतो, फेरफारावर सही कोणाची आहे ते." मग त्यानं पत्राच्या तळाशी बोट ठेवलं. "ही तुमची ना?"

सही माझी होती. मी मान हलवली. तो उठून गेला.

त्याला मी खोटं बोलले नाही, तरी खरंही काही सांगितलं नाही, आणि ती पंधरा मिनिटं माझ्या अंगाला चिकटून राहिली आहेत. अनेकांनी मिळून एखादं कर्म केलं तर त्याचा कर्ता कोण, हा प्रश्न मी आधी पुस्तकांत वाचला होता. तो मुलगा माझ्यासमोर बसेपर्यंत तो माझा झाला नव्हता.

आणखी एक गोष्ट लिहून टाकते, नाहीतर पुढचं सगळं व्यर्थ आहे. तोरणात जाताना माझ्या पिशवीत एक कागद होता. आदल्या रात्री बसून मी हिशेब केला होता: आम्ही सातांनी पगारात तीस टक्के कपात घेतली आणि वरच्या दोन श्रेणींनी दहा टक्के, तर बावीस जणांना निदान सप्टेंबरपर्यंत ठेवता आलं असतं. बैठक दीड तास चालली. "कोणाला काही बोलायचंय?" असं सीईओंनी दोनदा विचारलं. मी कागद बाहेर काढला नाही. भीती वाटली होती असंही नाही. सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि वाटलं, आता ठरलंच आहे.

हिंजवडीला नोकरी करणारे 'पुण्यात काम करतो' म्हणतात, पण तिथला सातबारा मुळशी तालुक्याचा आहे आणि तहसील कचेरी पौडला. मी पौडची. माझी आजी १९२१ साली सात-आठ वर्षांची होती. वर खोऱ्यात धरणाचं काम चालू होतं आणि खालच्या गावांत एकच बोलणं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, टाटांच्या वीज कंपनीनं मुळा नदीवर धरण बांधायला घेतलं होतं, सरकारनं १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन मिळवून दिली होती. बावन्न गावांवर पाणी येणार होतं. त्या वर्षी रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट तिथंच सेनापती झाले. शिवराम महादेव परांजप्यांसारखे पुण्याचे पुढारी तुरुंगात गेले. तीनेक वर्षांनी लढा विझला. ते पाणी आजही सह्याद्रीतून पलीकडे उतरतं आणि भिऱ्याला वीज करतं.

उठून आलेली काही बिऱ्हाडं पौडात थांबली होती. आजी त्या पोरांशी खेळायची. ती मला सांगायची, की मोठी माणसं रात्री ओट्यावर बसून एकाच गोष्टीवर भांडत: आपलं गाव बुडवलं कोणी? एक म्हणे कंपनीनं. दुसरा म्हणे कंपनीला काय, कायदा सरकारचा. तिसरा म्हणे सरकार लांब राहिलं, जमीन आधीच पुण्याच्या सावकाराच्या नावावर गेली होती आणि त्यानं भाव मिळताच सौदा केला. एक म्हातारा होता, तो म्हणे दैवानं. आजी म्हणायची, "चौघंबी खरं बोलत हुते. म्हणूनच कुणाला धरता आलं न्हाई."

सेनापती बापटांची एक गोष्ट मला इथं फार महत्त्वाची वाटते. तिसऱ्या वेळी, धरणाच्या कामाची मोडतोड केल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा पकडले जाण्याची वाट न पाहता ते स्वतःच हजर झाले. सात वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या मार्गाबद्दल मला शंका आहेत. जिथं कुणाला इजा होऊ शकते तो सत्याग्रह कसा, असं तेव्हाही पुष्कळांनी विचारलं होतं. पण त्या सगळ्या प्रकरणात 'हे मी केलं' असं म्हणणारा माणूस मला तेवढाच दिसतो. धरण बांधणाऱ्यांत तसा कोणी नव्हता, सावकारांत नव्हता, सरकारात तर नव्हताच.

कायद्यात याला एक सोय आहे. कंपनी ही कायद्यानं एक व्यक्ती असते. ती जमीन घेते, करार करते, कोर्टात उभी राहते. आपल्याकडं देवसुद्धा तशीच व्यक्ती आहे. मूर्ती ही कायदेशीर व्यक्ती असल्याचं प्रिव्ही कौन्सिलनं १९२५ साली एका बंगाली घराण्याच्या खटल्यात मानलं, आणि गावोगावच्या देवस्थानांच्या इनाम जमिनी देवाच्याच नावावर असतात. मात्र तिथं एक फरक गावाला पक्का ठाऊक असतो. देवाच्या जमिनीत घोटाळा झाला तर कोणी म्हातोबाला दोष देत नाही. वहिवाटदाराला चावडीवर बोलावतात. कंपनीच्या बाबतीत आम्ही हे उलटं शिकलो. कर्म झालं की बोट मूर्तीकडं दाखवायचं.

आता गीतेकडं येते. त्या काळात माझं सगळ्यात मोठं सांत्वन गीतेतूनच आलं आणि नंतर सगळ्यात मोठी टोचणीही तिथूनच लागली.

तोरणातल्या बैठकीत एक वाक्य तीनदा ऐकू आलं: यात वैयक्तिक काही नाही. सीईओ स्वभावानं सज्जन होते, गीतेचे वाचक होते, टेबलावर विनोबांची 'गीताई' असायची. बैठकीनंतर लिफ्टमध्ये ते मला म्हणाले, "कर्तव्य म्हणून करायचं, मनाला लावून घ्यायचं नाही." मी त्या रात्री वडिलांचं जुनं 'गीतारहस्य' काढलं. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला हा ग्रंथ १९१५ साली छापला गेला, आणि आमच्यासारख्या घरांत त्याची बांधणी उसवेपर्यंत वाचला गेला. टिळकांचा सगळा भर कर्त्याच्या बुद्धीवर आहे. बाहेरच्या कृतीपेक्षा ती कोणत्या बुद्धीनं केली ते पाहावं. माझी बुद्धी तर स्वच्छ होती, मला कोणाचा राग नव्हता, लोभ नव्हता. तेवढ्यावर मला झोप लागली.

मार्चअखेर व्हेरिएबल पेचं पत्रक आलं. लीडरशिप टीमच्या पगाराचा हा भाग मार्जिनवर ठरायचा, आणि त्रेसष्ट पगार कमी झाल्यानं मार्जिन सावरलं होतं. माझ्या खात्यावर त्या वर्षी सहा लाख चाळीस हजार जमा झाले.

तो आकडा पाहिल्यावर मला कळलं, आम्ही काय केलं होतं. गीता सांगते कर्म कर, फळाची आस सोड. कर्म तुझं, त्याची जबाबदारी तुझी, पण त्यातून स्वतःला काय मिळेल यावर डोळा ठेवू नको. आम्ही सातांनी नेमकं दुसरं टोक धरलं. कर्म 'कंपनी'चं म्हणून सोडून दिलं आणि फळ मात्र आपापल्या खात्यावर, पॅन क्रमांकासह, घेतलं. फळ घेताना कोणीही 'मॅनेजमेंट' नव्हतं. तिथं सातही नावं वेगवेगळी, सातही आकडे वेगवेगळे.

अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळे प्रयत्न आणि पाचवं दैव. या पाचांतून कर्म घडत असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असं तिथं पुढं म्हटलं आहे. आमच्यासारख्यांना हा भाग फार सोयीचा आहे. अमेरिकेतली मंदी हे दैव, क्लायंट हे अधिष्ठान, एक्सेल हे साधन. मग माझ्याकडं काय उरलं? पण मी तो भाग पुन्हा पुन्हा वाचला. पाच कारणं सांगताना कर्ता त्यातून वगळलेला नाही. तो दुसऱ्या क्रमांकावर उभा आहे. अहंकार सोडायला सांगितलाय. हजेरीपटावरून नाव खोडायला सांगितलेलं नाही. 'मीच केलं' हा गर्व आणि 'मी केलं नाही' हे पळणं, यांच्या मध्ये 'मी पण केलं' एवढी साधी जागा आहे, आणि त्या जागेवर उभं राहायला मला पुष्कळ वर्षं लागली.

'मनाला लावून घ्यायचं नाही' याबद्दलही आता माझं मत ठाम आहे. अनासक्ती ही स्वतःच्या लाभाबद्दल असायला हवी. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल अनासक्त होणं याला आपल्या संतांनी कधीही चांगलं म्हटलेलं नाही. आम्ही लाभात गुंतलो आणि दुःखापासून अलिप्त राहिलो, आणि त्यालाच स्थितप्रज्ञता म्हणत होतो.

लहानपणी पौडच्या सप्ताहात कीर्तनात वाल्या कोळ्याची गोष्ट दर वर्षी व्हायची. वाटसरू मारावा आणि रांजणात एक खडा टाकावा. असे सात रांजण भरले. नारदानं विचारलं, हे ज्यांच्यासाठी करतोस ते पापात वाटेकरी होतील का, घरी जाऊन विचारून ये. बायको म्हणाली, आम्हाला पोसणं तुझं काम, पाप तुझं तुला. पोरांनीही तेच सांगितलं. कीर्तनकार इथं थांबायचे आणि मंडपात सगळे आपापल्या घरच्यांकडं बघायचे. या गोष्टीचा निकाल सरळ आहे: पापाची वाटणी होत नाही, ज्याचं त्याला.

मला बरीच वर्षं हीच गोष्ट पुरेशी वाटत होती. वाल्याप्रमाणे मीही घरी विचारलं असतं तर तेच उत्तर आलं असतं. मुलाची पुण्यातल्या कॉलेजची फी त्या पैशातून गेली. त्यातलं पाप त्याच्या माथी कसं मारू? पण वाल्या एकटा होता. त्याच्यासोबत झाडीत आणखी सहा जण बसलेले असते, एकानं वाट अडवली असती, एकानं खुणावलं असतं, एक नुसताच बघत राहिला असता, तर नारदानं काय विचारलं असतं?

याचं उत्तर मला महाभारताच्या सभापर्वात सापडलं, आणि तेही आपण सगळ्यांनी पाठ केलेल्या प्रसंगात. द्यूतानंतर द्रौपदीला सभेत ओढून आणलं आहे. ती प्रश्न विचारते: धर्मराजा आधी स्वतःला हरला की मला? हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा हक्क होता का? भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे. द्रोण गप्प, कृप गप्प. कौरवांतला विकर्ण तेवढा उठून बोलतो आणि कर्ण त्याला खाली बसवतो. तेव्हा विदुर एक जुनी गोष्ट सांगतो. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि सुधन्वा नावाचा ब्राह्मण यांच्यात श्रेष्ठ कोण यावर प्राणांची पैज लागते आणि दोघं निवाड्याला प्रल्हादाकडंच येतात. मुलाविरुद्ध कसं बोलायचं म्हणून प्रल्हाद कश्यपाला विचारतो, की जो माहीत असून बोलत नाही त्याचं काय होतं? कश्यप त्याला चक्क वाटणी सांगतो. निंद्य गोष्टीची जिथं निंदा होत नाही अशा सभेत अर्धं पाप सभेच्या श्रेष्ठाला, पाव ते करणाऱ्याला आणि पाव गप्प बसलेल्या सभासदांना. आणि जिथं निंदा होते तिथं श्रेष्ठ सुटतो, सभासद सुटतात, पाप एकट्या करणाऱ्याकडं जातं. प्रल्हाद मग स्वतःच्या मुलाविरुद्ध निकाल देतो.

'मनुस्मृती'च्या आठव्या अध्यायात न्यायसभेसाठी अशीच वाटणी आहे, तिथं चार सारखे पाव आहेत: करणारा, साक्षीदार, सभासद, राजा. त्या ग्रंथातलं बरंच काही मी मानत नाही आणि मानूही नये असं मला वाटतं. पण सभापर्वातली अर्ध्याची आणि पावाची वाटणी मला आजच्या कुठल्याही बोर्डरूमच्या नियमांपेक्षा खोल वाटते. तिनं तीन गोष्टी एकदम सांगितल्या. वर बसणाऱ्याचा वाटा सर्वांत मोठा, त्यानं हात लावला नाही तरी. हात लावणारा 'मला वरून आदेश होता' म्हणून सुटत नाही. आणि गप्प बसणं हीसुद्धा एक कृती आहे, तिचं वजन करता येतं.

या हिशेबात मी माझं नाव लिहून पाहिलं. सीईओ श्रेष्ठ, अर्धा वाटा त्यांचा. पत्रावर सही माझी, म्हणजे कर्त्याचा पाव माझ्याकडं. शिवाय पिशवीत कागद असून मी बोलले नाही, म्हणजे सभासदांच्या पावातही मी आहे. एचआरला आम्ही 'निर्णय राबवणारं खातं' म्हणत असू. या वाटणीत राबवणाऱ्याचा हिस्सा एकेका बघ्यापेक्षा मोठा निघतो. आणि जे मला सर्वांत जास्त लागलं ते असं, की मी तो कागद काढला असता आणि तरीही निर्णय तोच झाला असता, तर हिशेब बदलला असता. कागदानं बावीस नोकऱ्या वाचल्याच असत्या असं नाही. पण सभा तरी निर्दोष राहिली असती.

बौद्ध संघाच्या विनयात, म्हणजे नियमांत, हेच दुसऱ्या बाजूनं येतं. मोठ्या निर्णयाचा ठराव संघापुढं मांडतात आणि तीन वेळा विचारतात: ज्याला मान्य आहे त्यानं गप्प राहावं, नसेल त्यानं बोलावं. म्हणजे तिथं मौनाला अर्थ आहे आणि तो सगळ्यांना आधीच माहीत आहे. तोरणात दोनदा विचारलं गेलं. माझं मौन हे मत होतं. ते मी इतकी वर्षं मत नसल्यासारखं वागवलं.

त्याच सुमाराला हैदराबादेत काय घडत होतं ते सगळ्यांना आठवत असेल. ७ जानेवारी २००९ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून हिशेबातला घोटाळा कबूल केला आणि संचालक मंडळातल्या बाकीच्यांना हे माहीत नव्हतं असं त्यात सांगितलं. पुढं पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्रानं सत्यम घेतली; हिंजवडीच्या बसमध्ये तेव्हा दुसरा विषय नव्हता. आमच्या कँटीनमध्ये काही जण हळहळले, की निदान एकानं तरी सगळं अंगावर घेतलं. २०१५मध्ये कोर्टानं राजूंसह दहा जणांना दोषी ठरवलं. एकानं सगळं अंगावर घेण्यात मोठेपणा दिसतो, पण त्यातही वाटणी चुकलेली असू शकते, हे मला तेव्हा कळलं.

२००९च्याच चैत्री पौर्णिमेला हिंजवडीत म्हातोबाचं बगाड निघालं. हे बगाड हिंजवडीहून वाकडला जातं. गळकऱ्याच्या पाठीत गळ टोचतात, त्याला बगाडावर चढवतात, आणि सगळं गाव गुलाल उधळत, चांगभलं करत त्याच्या पुढं-मागं चालतं. आमच्या गाड्या दीड तास अडकल्या होत्या. गाडीतून उतरून मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. शेजारी आमच्या इमारतीचा वॉचमन होता, तिथलाच, ज्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर आयटी पार्क उभं राहिलं त्यांपैकी एका घरातला. मी त्याला विचारलं, "दादा, गळ एकालाच का? सगळ्या गावाचं देणं असतं ना?" तो म्हणाला, "एकाच्या पाठीत टोचला, मॅडम, तरी आम्ही सगळे अनवाणी चालतोय की."

खरंच सगळे अनवाणी होते. चैत्रातलं डांबर. बगाडाच्या मागं येणाऱ्या बायकांचे तळवे काळे झाले होते. मी चपलांत उभी होते. गळकऱ्याला मान मिळतो, त्याच्या घरी गाव जेवतं, त्याची जखम गावाला माहीत असते. आमच्याकडं एखादा सीईओ जेव्हा 'जबाबदारी स्वीकारून' पायउतार होतो तेव्हा बाकीचे सगळे चपला घालून घरी जातात. म्हणून मला एकाच माणसाच्या राजीनाम्यावर समाधान वाटत नाही. कोणाच्या पाठीत किती आणि कोणाच्या तळव्याला किती, हे गावाला ठरवता येतं आणि सात शिकलेल्या माणसांना ठरवता येत नाही, असं होऊ नये.

याच पुण्यात १९८१ साली सात तरुणांनी इन्फोसिस सुरू केली. सुधा मूर्तींनी दिलेले दहा हजार रुपये हे तिचं भांडवल. ती सात नावं शाळेतल्या पोरांनाही माहीत असतात आणि असायला हवीत. कार्ल्याच्या चैत्यात अनेक खांबांवर तो तो खांब देणाऱ्याचं नाव आणि गाव कोरलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत. चांगलं काम अनेकांनी मिळून केलं तरी प्रत्येकाचा खांब वेगळा ठेवावा, हे आपल्याला फार पूर्वीपासून कळतं. मी कार्ल्याला गेले तेव्हा त्या खांबांमध्ये उभं राहून मनात आलं, की त्रेसष्ट पत्रांवर सात सह्या असत्या तर ती पत्रं लिहिताना आमचे हात जरा तरी अडखळले असते. बहुधा आकडा त्रेसष्ट राहिलाच नसता.

मी २०२१मध्ये निवृत्त झाले. जुन्या वहीत त्रेसष्ट नावं होती. पत्ते बदलले होते, काहींचे मिळालेच नाहीत. जे मिळाले त्यांना मी हातानं पत्रं लिहिली. त्यात क्षमा मागितली, पण आधी तिथं काय झालं ते लिहिलं: बैठकीत मी होते, मसुदा माझा होता, माझ्याकडं एक दुसरा हिशेब होता आणि मी तो मांडला नाही. बाकी सहांची नावं लिहिली नाहीत. त्यांचा वाटा त्यांनी सांगायचा. अडतीस पत्रं गेली, अकरा उत्तरं आली. एका बाईंनी लिहिलं, की त्या वर्षी गर्भार असल्याचं त्यांनी मला सांगितलं नव्हतं, कारण सांगून उपयोग नव्हता असं त्यांना वाटलं. ते पत्र मी देवघरात ठेवलं आहे.

कोळवणच्या मुलाचं उत्तर आलं नाही. आता तो मुलगा कुठला, पंचेचाळिशीचा गृहस्थ. जुलैत मी स्वतःच गेले. आवणी चालू होती. आंबेमोहोराची रोपं मुठीमुठीनं बांधावर ठेवली होती, खाचरात गुडघाभर चिखल, आठ-दहा बायका वाकून लावत होत्या. तो औताच्या मागं होता. मला त्यानं लांबूनच ओळखलं. बांधावर येऊन हात धुतले आणि म्हणाला, "पत्र मिळालं, मॅडम. आईला वाचून दाखवलं."

आई खोपीत बसल्या होत्या. त्यांनी मला चहा दिला, कपातलं पावसाचं पाणी झटकून. नोकरी गेल्यावर तो वर्षभर घरात बोलत नव्हता, असं त्यांनी सांगितलं, आणि मग पिरंगुटला कारखान्यात हिशेबाचं काम मिळालं, ते अजून आहे. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी मला नाव विचारलं, माहेर विचारलं. पौड म्हटल्यावर, "मग आपल्यातलीच की," म्हणाल्या.

त्यानं चहा संपवला. पावसाकडं बघत बसला थोडा वेळ. मग विचारलं, "तुम्ही सात जण होता ना? पत्रात लिहिलंय तुम्ही."

"हो."

"मग बाकीचे सहा?"

"त्यांच्याबद्दल मी बोलू शकत नाही," मी म्हणाले. "मी माझ्यापुरतं सांगायला आले."

त्यानं मान हलवली. पलीकडून बायकांनी हाक मारली, रोपं संपत आली होती. तो उठला, दोन मुठी उचलल्या, आणि चिखलात उतरता उतरता मागं वळून म्हणाला, "त्यांना सांगा, इथं आवणी पंधरा दिवस चालते."

मी अजून त्यांतल्या दोघांनाच फोन केला आहे.